पहिला जीव एकटा नव्हता

२०२३ साली राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने दहावीच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला. करोनाच्या साथीनंतर विद्यार्थ्यांवरील अभ्यासाचा भार हलका करावा, असे त्याचे कारण देण्यात आले; बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय कायम आहे, असाही खुलासा झाला. देशातील १,८००हून अधिक शास्त्रज्ञांनी व शिक्षकांनी पत्रक काढून निषेध नोंदविला. काही आठवडे वाद गाजला आणि अशा वादांचे नेहमी जे होते तेच त्याचेही झाले. परंतु उत्क्रांतीचा विषय निघाला की एक जुना आक्षेप हटकून पुढे येतो आणि त्याचा विचार मात्र वादाबरोबर संपवून चालणार नाही. आक्षेप असा : एका जीवापासून दुसरा जीव कसा झाला हे उत्क्रांतिवादी सांगतात, पण पहिला जीव कोठून आला, हे त्यांना सांगता येते काय? मुळाचाच पत्ता नसेल तर फांद्यांचे वर्णन काय कामाचे?

या आक्षेपाला जीवशास्त्रज्ञ सहसा जे उत्तर देतात ते तर्काला धरून असले तरी समाधान करणारे नाही. उत्क्रांतीचा सिद्धान्त पहिला जीव अस्तित्वात आल्यानंतरचा इतिहास सांगतो. त्यापूर्वीचा प्रश्न रसायनशास्त्रज्ञांचा आहे, असे ते म्हणतात. ही वाटणी सोयीची आहे; पण सोयीच्या वाटण्या निसर्गाला मान्य असतातच असे नाही. गेल्या साठ वर्षांतील संशोधन पाहिले तर उत्क्रांतीचे नियम जीवनाच्या उंबरठ्याच्या अलीकडेच लागू होतात असे नव्हे, पलीकडेही ते लागू होतात असे दिसू लागले आहे. मात्र त्यासाठी उत्क्रांतीला एका दुसऱ्या शास्त्राची जोड द्यावी लागते. ते शास्त्र म्हणजे परिस्थितिविज्ञान, अर्थात सजीव आणि त्यांचा परिसर यांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास. ‘पहिला रेणू कोणता?’ या प्रश्नाऐवजी ‘तो रेणू कोठे होता, कशावर पोसला जात होता आणि त्याच्या सोबतीला कोण होते?’ असे विचारले, की कोड्याचे स्वरूपच बदलते.

हा विचार वाटतो तितका नवा नाही. खुद्द डार्विनने १८७१ च्या फेब्रुवारीत आपला वनस्पतिशास्त्रज्ञ मित्र जोसेफ हूकर याला लिहिलेल्या पत्रात त्याचे बीज सापडते. अमोनिया, फॉस्फेटे, उष्णता, प्रकाश आणि वीज यांनी युक्त अशा एखाद्या लहानशा उबदार डबक्यात प्रथिनासारखा पदार्थ तयार झाला असेल, अशी कल्पना त्याने तेथे मांडली. डार्विनचे हे डबके प्रसिद्ध आहे. परंतु त्याच पत्रातील पुढचा मुद्दा फारसा कोणी सांगत नाही. असा पदार्थ आज तयार झाला तर तो तत्काळ खाल्ला जाईल. सजीव अस्तित्वात येण्यापूर्वी मात्र तसे झाले नसते, असे डार्विनने म्हटले होते. वस्तुतः सारे मर्म येथेच आहे. निर्जीवातून सजीव आज निर्माण होताना का दिसत नाहीत, याचे कारण त्याने रसायनात शोधले नाही; ते परिसरात शोधले. जग आज भरलेले आहे. तेव्हा ते रिकामे होते.

हा मुद्दा लक्षात घेतला की लुई पाश्चरच्या प्रयोगांविषयीचा एक गैरसमजही दूर होतो. निर्जंतुक केलेल्या रसात बाहेरून जंतू शिरू दिले नाहीत तर तेथे जीव उत्पन्न होत नाहीत, हे पाश्चरने १८६० च्या सुमारास निर्विवाद दाखवून दिले. जीव केवळ जीवापासूनच होतो, असा निष्कर्ष त्यावरून काढला जातो. परंतु मांसाचा रस भरलेला काचेचा चंबू काही आठवडे ठेवून पाहणे निराळे आणि एका निर्मनुष्य, निर्जीव ग्रहाला कोट्यवधी वर्षांचा अवधी देणे निराळे. पाश्चरने पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिले; दुसरा प्रश्न खुलाच राहिला.

त्या दुसऱ्या प्रश्नाला १९२४ साली रशियात ओपारिनने आणि १९२९ साली इंग्लंडमध्ये जे. बी. एस. हॉल्डेन यांनी स्वतंत्रपणे हात घातला. आदिम वातावरणात मुक्त ऑक्सिजन नव्हता आणि खाणारेही कोणी नव्हते. त्यामुळे सेंद्रिय द्रव्ये समुद्रात साचत गेली व त्यांचे पातळ, कढत सूप तयार झाले, असे हॉल्डेन यांनी प्रतिपादन केले. हे हॉल्डेन पुढे १९५७ साली भारतात आले, कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत त्यांनी काम केले, भारताचे नागरिकत्व घेतले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले. उत्क्रांतीचे गणित घडविणाऱ्या मोजक्या शास्त्रज्ञांपैकी एकाने ज्या देशाला आपले म्हटले, त्याच देशात उत्क्रांतीचा धडा जड म्हणून वगळावा, हा योगायोग सुखद म्हणता येणार नाही.

१९५३ साली शिकागो विद्यापीठात हॅरल्ड युरी यांच्या प्रयोगशाळेत स्टॅन्ली मिलर या विद्यार्थ्याने मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ यांच्या मिश्रणात विजेच्या ठिणग्या पाडल्या आणि आठवडाभरात त्यातून अमिनो आम्ले मिळविली. आदिम वातावरण नेमके तसेच होते काय याविषयी पुढे शंका निघाल्या. पण १९६९ साली ऑस्ट्रेलियात मर्चिसन येथे पडलेल्या उल्केतही अमिनो आम्ले सापडली. तात्पर्य, जीवनाच्या विटा विश्वात दुर्मीळ नाहीत. खरी अडचण विटांची नसून घराची आहे. सर फ्रेड हॉइल यांनी ती अडचण एका उपमेने जगजाहीर केली. भंगाराच्या ढिगावरून वादळ गेले आणि त्यातून सबंध विमान जुळून आले, असे होणे जितके संभवनीय तितकेच जीव आपोआप जुळून येणे संभवनीय, असे त्यांचे म्हणणे. उपमा प्रभावी आहे. पण ज्याने विमान एका फटक्यात जुळले पाहिजे असे गृहीत धरले त्यालाच ती अडचण येते. नैसर्गिक निवड एका फटक्यात काहीच जुळवीत नाही. ती थोडेसे जुळलेले राखते, बाकीचे टाकते आणि राखलेल्यावर पुन्हा तेच करते. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की, ज्याला जीव म्हणता येत नाही अशा पदार्थावर नैसर्गिक निवड काम करू शकते काय?

या प्रश्नाचे उत्तर १९६७ साली अमेरिकेत सोल स्पीगलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगाने दिले. जंतूंना ग्रासणाऱ्या एका विषाणूचा आरएनए रेणू, त्याच्या नकला करणारे एंझाइम आणि नकलांसाठी लागणारा कच्चा माल त्यांनी एका परीक्षानळीत घातला. थोड्या वेळाने त्यातील अल्पसा भाग ताज्या मालाच्या दुसऱ्या नळीत, त्यातला तिसऱ्या नळीत, असे ७४ वेळा केले. शेवटी जो रेणू उरला त्याने आपल्या मूळ लांबीचा ८३ टक्के भाग गाळून टाकला होता आणि त्याच्या नकला मूळ रेणूपेक्षा कितीतरी वेगाने होत होत्या. तेथे पेशी नव्हती, चयापचय नव्हता, ज्याला आपण प्राण म्हणतो तो नव्हता. तरीही वारसा होता, नकलेतील चुका होत्या आणि त्या चुकांतून निवड होत होती. नैसर्गिक निवडीला जीव लागत नाही. नक्कल, चूक आणि टंचाई एवढी तीन पुरतात.

परंतु या प्रयोगाचा दुसरा अर्थ निराश करणारा होता. आपल्याला हवी आहे ती साध्याकडून गुंतागुंतीकडे जाणारी वाटचाल. येथे नेमके उलटे घडले. एंझाइम आयते, अन्न आयते, निवारा आयता! अशा जावयाच्या पाहुणचारात त्या रेणूने अंगचे सारे कसब टाकून दिले आणि तो निव्वळ आपल्या नकला करून घेण्यात पटाईत झाला. किंबहुना तो बांडगूळ बनला. १९७१ साली जर्मन शास्त्रज्ञ मान्फ्रेड आयगेन यांनी गणिताने आणखी एक मर्यादा दाखविली. नकलेत चुका फार होत असतील तर रेणूची लांबी एका मर्यादेपलीकडे टिकू शकत नाही. आणि चुका कमी करणारी यंत्रणा घडवायची तर लांब रेणूच हवा. या पेचातून सुटण्यासाठी त्यांनी एकमेकांच्या नकलेला साहाय्य करणाऱ्या रेणूंच्या साखळीची कल्पना मांडली. पण जेथे सहकार आला तेथे फुकटे आलेच. साहाय्य घेणारा आणि न देणारा रेणू अशा साखळीत शिरला की ती पोखरली जाते. गावकीच्या विहिरीचा गाळ काढायला न येता पाणी मात्र भरणारा गृहस्थ आपल्या परिचयाचा आहे. तोच येथे रेणूच्या रूपाने भेटतो.

या बांडगुळांना आवर कशाने बसतो? रसायनाने नव्हे, जागेने. सारे रेणू एकाच मोठ्या भांड्यात मिसळलेले असतील तर फुकटे अखेर सर्वांना बुडवितात. तेच रेणू लहान लहान थेंबांत, चिकणमातीच्या थरांत किंवा खडकाच्या छिद्रांत विभागलेले असतील तर ज्या थेंबात फुकटे माजले तो थेंब स्वतःच संपतो आणि ज्यात सहकार टिकला त्यातील रेणू पुढच्या थेंबांत पसरतात. हे केवळ कागदावरचे गणित राहिलेले नाही. २०२२ साली टोकियोतील संशोधकांनी आपला प्रयोग प्रसिद्ध केला. तेलातील पाण्याच्या सूक्ष्म थेंबांत त्यांनी एकाच प्रकारचा आरएनए रेणू ठेवला आणि शेकडो फेऱ्यांपर्यंत त्याची वाढ होऊ दिली. एकाचे अनेक प्रकार झाले. काही पोशिंदे, काही परजीवी. प्रारंभी त्यांच्या संख्येत भरती-ओहोटी चालली, पुढे ती हळूहळू स्थिरावली आणि अखेरीस पाच वंशांचे एक जाळे उरले. त्यातील एक प्रकार तर इतर सर्वांच्या नकलेला हातभार लावीत होता. म्हणजे स्पीगलमनच्या नळीत नक्कल करणारा रेणू कंगाल झाला आणि टोकियोच्या थेंबांत त्याचा समाज झाला. नक्कल, चूक आणि निवड दोहोंकडे होती. टोकियोच्या रेणूंना मात्र थेंबांच्या भिंती मिळाल्या होत्या. परजीवी हा येथे केवळ शत्रूही ठरला नाही. त्याच्यापासून बचाव करण्याची निकडच पोशिंद्याला नव्या वाटा शोधायला लावीत होती.

अर्थात या प्रयोगाला नसलेले महत्त्व देऊ नये. त्यातील नक्कल करण्याची यंत्रणा आजच्या जंतूंकडून उसनी घेतलेली होती. पहिला आरएनए कसा तयार झाला, याचे उत्तर तो देत नाही. १९८० च्या दशकाच्या आरंभी टॉमस चेक आणि सिडनी ऑल्टमन यांनी आरएनए स्वतःच एंझाइमचे काम करू शकतो हे दाखवून १९८९ चे नोबेल पारितोषिक मिळविले, तेव्हा वाट बरीच मोकळी झाली. तरी ती पुरती चालून झालेली नाही.

जागेचा प्रश्न मग साहजिकच पुढे येतो. एक पक्ष समुद्रतळाकडे बोट दाखवितो. १९७७ साली गालापागोस बेटांजवळ खोल समुद्रात उष्ण झरे सापडले आणि तेथे सूर्यप्रकाशाचा किरणही पोहोचत नसताना रासायनिक ऊर्जेवर चालणारी भरगच्च जीवसृष्टी आढळली. २००० साली अटलांटिक महासागरात सापडलेल्या झऱ्यांचे पाणी अल्कधर्मी असून त्यांच्या उंच धुराड्यांत असंख्य सूक्ष्म कप्पे आहेत. खालून हायड्रोजन येत असतो. ऊर्जा आणि भिंती दोन्ही तेथे तयार मिळतात. दुसरा पक्ष जमिनीवरची उष्ण कुंडे आणि तळी पुढे करतो. डबके वाळते, रेणू एकमेकांना चिकटतात. पुन्हा पाणी येते, ते पसरतात. हे चक्र वारंवार घडले की लांब साखळ्या तयार होतात. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत अशा ओल्या-कोरड्या चक्रांवर प्रयोग झालेले आहेत.

या दुसऱ्या पक्षाला एक आधार मिळाला आहे आणि त्याचा अप्रत्यक्ष संबंध महाराष्ट्राशीही पोहोचतो. आरएनएला फॉस्फेट लागते. पण नैसर्गिक पाण्यात कॅल्शियम फॉस्फेटाला धरून तळाशी नेते. २०१९ च्या अखेरीस अमेरिकेतील दोन संशोधकांनी असे दाखविले की, कार्बोनेटयुक्त तळ्यांत कॅल्शियम कार्बोनेटाशी अडकून पडते आणि फॉस्फेट मोकळे राहून साचते. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर हे अशाच अल्कधर्मी तळ्यांच्या जातीचे. २०२० च्या जूनमध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले तेव्हा लोक चकित झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण खाऱ्या पाण्यात वाढणारे ‘आर्किया’ हे सूक्ष्मजीव असल्याचे सांगितले. जीवनाचा आरंभ लोणारला झाला असे कोणी म्हणणार नाही. उल्कापाताने झालेले ते विवर पृथ्वीच्या वयाच्या मानाने कालचे आहे. परंतु आपल्याला ओसाड व विषारी वाटणारे पाणी दुसऱ्या कोणाचे भरलेले ताट असू शकते, हा धडा घेण्यासाठी फार दूर जावे लागत नाही.

येथवर अन्नाचा आणि निवाऱ्याचा विचार झाला. टाकाऊचा विचारही तितकाच महत्त्वाचा आहे. केवळ खाणारे रेणू कितीही कुशल असले तरी सूप संपले की तेही संपणार. एकाचे उत्सर्जित दुसऱ्याचे अन्न व्हावे आणि दुसऱ्याचे पुन्हा पहिल्याच्या उपयोगी पडावे, असे चक्र जुळले तरच काही टिकते. आजही कार्बनचे किंवा नायट्रोजनचे चक्र कोणताही एकटा जीव पुरे करीत नाही. ते समाजाचे काम आहे. म्हणून जीवनाचा आरंभ म्हणजे एका विलक्षण रेणूचा जन्म असे मानण्यापेक्षा एका चक्राचा आरंभ असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

जुन्या वंशावळीचा मागोवा घेणारेही याच निष्कर्षाजवळ आले आहेत. आजच्या सर्व सजीवांचा जो अखेरचा समान पूर्वज, त्याच्याविषयी २०२४ साली ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांच्या पुढाकाराने एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आजच्या जीवांच्या जनुकांची तुलना करून त्यांनी असे अनुमान काढले की, हा पूर्वज सुमारे ४२० कोटी वर्षांपूर्वी होऊन गेला. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे, हे येथे ध्यानात घ्यावे. त्याच्यापाशी सुमारे २,६०० प्रथिने घडविण्याइतकी जनुके असावीत आणि विषाणूंपासून बचाव करण्याची प्राथमिक यंत्रणाही असावी. बचावाची यंत्रणा होती याचा अर्थ हल्ला करणारे होते. त्याच्या उत्सर्जितावर जगणारे इतर सूक्ष्मजीवही त्या काळी असावेत, असे या संशोधकांचे मत आहे. ही अनुमाने आहेत. काळाविषयी मतभेद आहेत आणि ते राहतील. पण चित्र लक्षणीय आहे. ज्याला आपण साऱ्यांचा आदिपुरुष समजत होतो, तो गजबजलेल्या गावातला एक रहिवासी होता. इतरांचे वंश खुंटले, त्याचा चालला, इतकेच.

जीवन पृथ्वीबाहेरून आले असेल, या मताचाही येथे विचार केला पाहिजे. हॉइल आणि त्यांचे सहकारी चंद्र विक्रमसिंघे यांनी ते हिरिरीने मांडले. हॉइल यांचे शिष्य डॉ. जयंत नारळीकर यांनी ते कसोटीला लावले. २००१ साली हैदराबादहून बलून पाठवून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने घेण्यात आले. २००५ च्या दुसऱ्या प्रयोगात जंतूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या आणि त्यांतील एकीला हॉइल यांचे नाव देण्यात आले. हे जंतू बाहेरचेच आहेत असे मात्र त्यावरून सिद्ध झाले नाही. प्रश्नाला प्रयोगाने भिडण्याची नारळीकरांची वृत्ती अनुकरणीय होती. परंतु पाहुणा परगावाहून आला असे ठरले, तरी त्या परगावी तो कसा जन्मला हे सांगावेच लागते. तेथेही नक्कल, चूक, टंचाई, भिंती आणि चक्र यांच्यावाचून गत्यंतर नाही.

तेव्हा मूळ आक्षेपाला उत्तर असे देता येईल : पहिला जीव नेमका कसा झाला, हे अद्याप पुरते कळलेले नाही, पण उत्क्रांती तेथे हतबल होत नाही. उलट, ज्या नियमांनी जीवांच्या जाती घडल्या त्याच नियमांनी जीव आणि निर्जीव यांमधली दरी टप्प्याटप्प्याने ओलांडली असावी, असे मानण्यास आज सबळ आधार आहे. त्या दरीत एकच मोठी उडी नाही. अनेक पायऱ्या आहेत. काही सापडल्या आहेत, काही सापडायच्या आहेत.

दहावीनंतर बहुसंख्य मुले जीवशास्त्राचा निरोप घेतात. बारावीत विषय आहे हे खरे. पण तो उरलेल्या थोड्यांसाठी. महाराष्ट्राच्या राज्य मंडळाने २०१८ साली काढलेल्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलाच पाठ आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा होता, ही समाधानाची बाब. तो जपला पाहिजे, कारण तो केवळ माहितीचा पाठ नाही. पहिला जीव कोठून आला, असे एखाद्या मुलाने वर्गात विचारले तर ‘ते अभ्यासक्रमात नाही’ हे उत्तर त्याचे कुतूहल मारते आणि ‘ते कोणालाच कळणार नाही’ हे उत्तर त्याची बुद्धी मारते. ‘पुरते ठाऊक नाही, पण शोधायचे कसे ते ठाऊक आहे आणि येथवर येऊन पोहोचलो आहोत’ हे उत्तर देता येणारा शिक्षक आणि ते ज्यात आहे असे पुस्तक, या दोन गोष्टी मुलांना मिळाल्या तर बाकीचा मार्ग ती स्वतः चालतील.